लिटल केमनच्या पश्चिम टोकाला जमणारा गोबरा

2001 च्या हिवाळ्यात कॅरिबियन समुद्रातल्या लिटल केमन बेटाच्या पश्चिम टोकाबाहेर गरी टाकणाऱ्यांना गोबरा मासा सापडला. एक-दोन नव्हे, खडकाच्या कडेवर थरावर थर. त्या हंगामात आणि 2002 च्या हंगामात मिळून सुमारे 4000 मासे होड्यांत आले. जमलेले होते सुमारे 7000. म्हणजे दोन हिवाळ्यांत, आणि दर हिवाळ्यात मोजक्या दिवसांत, निम्म्याहून जास्त मासे संपले.

यात कुणी कायदा मोडला नव्हता. यांत्रिक जाळी नव्हती की परदेशी ट्रॉलर नव्हता. छोट्या होड्या आणि हातातल्या दोऱ्या, एवढंच. म्हणून तर हे प्रकरण मला कोकणातल्या माणसांसमोर मांडावंसं वाटतं. आपल्याकडे मासा कमी झाला की बोट लगेच पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांकडे आणि मासे खेचणाऱ्या एलईडी दिव्यांकडे जातं, आणि ते बरोबरच आहे. पण काही माशांची घडणच अशी असते की दोरी-गरीनेही त्यांचा निकाल लागतो. तो कसा लागतो हे कळायला आधी मासा नीट बघावा लागतो.

मासा

केमन बेटं क्युबाच्या दक्षिणेला, जमैकाच्या वायव्येला, कॅरिबियन समुद्रात आहेत. तीन बेटं, ताबा ब्रिटनचा. त्यातलं लिटल केमन जेमतेम 16 किलोमीटर लांब आणि दीड-दोन किलोमीटर रुंद. इथला हा मासा म्हणजे नासाऊ ग्रुपर, शास्त्रीय नाव एपिनेफेलस स्ट्रायेटस. ज्याला मालवणात गोबरा आणि मुंबईकडे हेकरू म्हणतात त्याच कुळातला, म्हणून मी त्याला नासाऊ गोबराच म्हणणार आहे. आपल्या समुद्रात तो नाही, पण त्याची चुलत भावंडं आपल्या बाजारात रोज येतात.

ओळखायचा तर आधी शेपटीकडे पाहावं. शेपटीच्या देठावर वरच्या बाजूने, खोगीर टाकल्यासारखा एक काळा डाग असतो. माशाने अंगाचा रंग कितीही बदलला तरी हा डाग जात नाही. अंगावर फिकट मातकट रंगावर पाच गडद उभे पट्टे. थोबाडापासून डोळ्यातून मागे जाणारा एक काळपट पट्टा, डोळ्याभोवती बारीक काळे ठिपके, आणि डोक्यावर बेचकीसारखी दुभंगलेली खूण. मोठा झाला की सव्वा मीटरच्या आसपास आणि वीस-पंचवीस किलोपर्यंत जातो, पण नेहमी दिसणारा हातभर लांबीचा असतो.

रंगाचा खेळ मात्र थक्क करणारा आहे. शांत असताना पट्टे स्पष्ट. वाळूवर आला की फिका पडतो, कपारीत शिरला की काळवंडतो, आणि हे सगळं काही क्षणांत. एकत्र जमण्याच्या काळात तर चार वेगवेगळे पेहराव दिसतात: नेहमीचा पट्टेरी, पांढऱ्या पोटाचा, वरून गडद आणि खालून पांढराशुभ्र असा दुरंगी, आणि पूर्ण काळसर. दुरंगी पेहराव म्हणजे 'मी भांडायला आलेलो नाही' असा निरोप असल्याचं अभ्यासक मानतात. एरवी हा मासा एकलकोंडा, आपल्या कपारीजवळ दुसऱ्याला फिरकू न देणारा. हजारोंच्या गर्दीत खांद्याला खांदा लावून उभं राहायचं तर असला निरोप लागणारच.

खाण्याची पद्धत कुळाला साजेशी. पाठलाग करत नाही, कपारीच्या तोंडाशी दबा धरतो. भक्ष्य टप्प्यात आलं की जबडा आणि कल्ल्यांची झाकणं एकदम फाकवतो. तोंडात पोकळी तयार होते आणि पाण्याबरोबर मासा आत ओढला जातो. माझ्या मामाने एकदा मालवणच्या लिलावातून आणलेला तीन किलोचा गोबरा साफ करताना मला त्याच्या जबड्याच्या आतून बोट फिरवायला लावलं होतं. बारीक दातांच्या रांगा, सगळे आत झुकलेले. बोट आत सहज जातं, बाहेर काढताना अडकतं. चावून तुकडे करायला ते दात नाहीतच. आत आलेलं परत बाहेर जाऊ नये एवढ्यासाठी आहेत. मग सगळं अख्खं गिळायचं. त्याच्या पोटात अख्खी कुर्ली निघाली होती, नांग्यांसकट.

नासाऊ गोबराही तसाच. लहानपणी खेकडे आणि कोळंबीच्या जातीचे जीव जास्त, मोठेपणी मासे जास्त: पोपटमासे, तांबोशीच्या कुळातले, खडकावरचे इतर छोटे मासे. शिवाय शेवंड, कुर्ली, ऑक्टोपस. उजाडताना आणि दिवस मावळताना त्याची शिकार जोरात असते. दुपारी तो बरेचदा एखाद्या ठरलेल्या जागी तोंड उघडून स्थिर उभा असतो, आणि बोटाच्या पेराएवढे गोबी मासे आणि पारदर्शक कोळंब्या त्याच्या जबड्यात, कल्ल्यांत शिरून परजीवी टिपत असतात. ज्या तोंडाने तो अख्खा खेकडा गिळतो तेच तोंड तो त्यांच्यासाठी मिनिटंच्या मिनिटं उघडं ठेवतो.

राहण्याची जागा वयाप्रमाणे बदलते, आणि हे फार महत्त्वाचं आहे. अंडं पाण्यावर तरंगतं, साधारण दीड दिवसाच्या आत फुटतं. पिल्लू पाच-सहा आठवडे प्रवाहाबरोबर वाहतं. मग तीनेक सेंटिमीटरचं झालं की किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात शेवाळाच्या झुबक्यांत उतरतं. बहामात हे लॉरेन्सिया नावाच्या शेवाळात आणि प्रवाळाच्या लहान गुच्छांत नीट पाहिलं गेलं आहे. वीतभर होत आलं की सुटे छोटे खडक गाठतं. मग जसजसं वाढेल तसतसं खोल, बाहेरच्या प्रवाळाकडे. म्हणजे एका माशाला जगायला शेवाळही लागतं, सुटे खडकही लागतात आणि बाहेरचं प्रवाळही. वयात यायला चार ते आठ वर्षं लागतात. आयुष्य पंचवीस वर्षांच्या पुढेही जातं.

मेळा

आता मुख्य मुद्दा. वर्षभर एकटा राहणारा हा मासा हिवाळ्यात, पाणी 25-26 अंशांवर आलं की, पौर्णिमेच्या सुमाराला घर सोडतो. आपल्या पंचांगाने बघितलं तर बहुतेक पौष किंवा माघाची पुनव. बेटाच्या चारी बाजूंनी निघून सगळे प्रौढ मासे एकाच ठिकाणी येतात. लिटल केमनला ते ठिकाण म्हणजे पश्चिमेचं टोक, जिथे सुमारे 30 मीटर खोलीवरचा खडक एकाएकी तुटतो आणि पुढे अथांग निळं पाणी सुरू होतं.

पुनवेनंतरच्या मोजक्या संध्याकाळी, सूर्य बुडताना, पोट फुगलेली एक काळसर मादी गर्दीतून वर झेप घेते. मागोमाग दुरंगी नरांचा लोंढा. वर जाऊन ते फाकतात, आणि जिथे फाकले तिथे पांढुरका ढग उरतो. तो ढग अंड्यांचा आणि शुक्राचा. तेवढ्यात दुसरा लोंढा सुटतो, तिसरा सुटतो. अर्ध्या तासात अंधार पडतो आणि सगळं शांत होतं. पुढच्या वर्षापर्यंत त्या जातीचं त्या बेटावरचं प्रजनन एवढंच.

हे मेळे विज्ञानाच्या नोंदीत आले 1972 मध्ये, बहामातल्या बिमिनीजवळच्या एका मेळ्यापासून. तिथे 30,000 ते 1,00,000 मासे असावेत असा अंदाज नोंदवलेला आहे. गरी टाकणाऱ्यांना हे त्याच्या पुष्कळ आधीपासून ठाऊक होतं. केमनच्या मच्छीमारांनाही आपल्या बेटांभोवतीच्या जुन्या जागा पिढ्यानपिढ्या माहीत होत्या आणि त्या एकेक करून ओस पडत गेल्या होत्या. बर्म्युडातून तर हा मासा जवळपास नाहीसाच झाला.

मग एवढं होईपर्यंत कुणाच्या लक्षात का आलं नाही? या प्रश्नावर मी बराच वेळ घालवला, कारण उत्तर सरळ आहे पण पचत नाही.

आंगणेवाडीची जत्रा डोळ्यांसमोर आणा. भराडी देवीच्या दर्शनाला मुंबईहून, पुण्याहून, गोव्याहून माणसं येतात. त्या दिवशी रांगेतली डोकी मोजून कुणी म्हणालं की मसुरे गावाची लोकवस्ती इतके लाख, तर आपण त्याला वेड्यात काढू. पण मेळ्यावर गरी टाकणारा नेमका हाच हिशेब करत असतो. समोर दाटी आहे, गरी टाकताच मासा लागतोय, म्हणजे समुद्रात मासा भरपूर आहे. प्रत्यक्षात समोर आहे तो अख्ख्या बेटाचा मासा, एका जागी गोळा झालेला. सात हजारांचे पाच हजार झाले, पाचाचे तीन झाले, तरी ते त्याच टोकाला, त्याच दाटीने उभे राहतात. दोरी तशीच जड लागते. दर होडीमागची पकड तीच राहते आणि साठा मात्र निम्मा झालेला असतो. पकड घटलेली जाणवते तोवर मेळा भरण्याइतके मासेच उरलेले नसतात.

त्यात आणखी एक गोष्ट. मेळ्यात सापडलेला प्रत्येक मासा अंड्याला आलेला असतो. बारा महिन्यांत कधीही पकडला तरी मासा एकच जातो, पण इथे तो गाभोळीसकट जातो, ती सोडण्याच्या दोन दिवस आधी.

बंदी आणि मोजणी

2002 च्या हंगामात रीफ एन्व्हायर्नमेंटल एज्युकेशन फाउंडेशन ही स्वयंसेवी पाणबुड्यांची संस्था आणि केमनचं पर्यावरण खातं यांनी मिळून पश्चिम टोकावर उतरायला सुरुवात केली. पुढे स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्था आणि ओरेगन राज्य विद्यापीठाचे संशोधकही त्यात आले. कामाला नाव पडलं ग्रुपर मून. त्या पहिल्या मोहिमेत खाली पाणबुडे मासे मोजत होते आणि वर होड्या त्याच माशांवर गरी टाकत होत्या.

2003 च्या अखेरीस सरकारने सगळ्या ज्ञात मेळ्यांच्या जागांवर 8 वर्षांची बंदी घातली. मला यातला मुदतीचा आकडा सर्वांत शहाणपणाचा वाटतो. वयात यायला चार ते आठ वर्षं घेणाऱ्या माशासाठी दोन वर्षांची बंदी म्हणजे काहीच नाही. बंदी उठेल तेव्हा बंदीच्या पहिल्या वर्षी जन्मलेली पिल्लं अजून पोरसवदाच असतील. धोरण आखणाऱ्याने आधी माशाचं वय विचारलं पाहिजे, ते इथे विचारलं गेलं.

पण बंदी घालून घरी बसले असते तर या प्रकरणात अभ्यासण्यासारखं फार काही उरलं नसतं. त्यांनी मोजायचं ठरवलं. आणि हलत्या, दाट, संधिप्रकाशातल्या गर्दीत मासे मोजणं सोपं नाही. एक पद्धत अशी: काही मासे पकडून पाठीशी रंगीत खूण लावून सोडायचे. मग गर्दीतून पोहत जाताना शंभर माशांत खुणेचे किती दिसतात ते पाहायचं. उदाहरणापुरतं, 50 माशांना खूण लावली आणि दिसलेल्या दर 100 माशांत खुणेचे 2 निघाले, तर मेळा साधारण 2500 चा. जोडीला गर्दीच्या बाजूने सरकत घेतलेलं चित्रीकरण, ज्यावरून मासे मोजता येतात. लांबी मोजायला कॅमेऱ्यावर ठरावीक अंतरावर दोन समांतर लेसर बसवले. माशाच्या कुशीवर दोन ठिपके उमटतात. ठिपक्यांतलं अंतर माहीत असतं, त्यावरून पडद्यावर माशाची लांबी काढायची. माशाला हात लावायची गरज नाही.

काही माशांच्या पोटात आवाजाचे ठोके देणारी यंत्रं बसवून बेटाभोवती ऐकणारी उपकरणं लावली. बेटाच्या वेगवेगळ्या बाजूंना खूण केलेले प्रौढ मासे हिवाळ्यात त्या एकाच टोकाला पोचताना नोंदले गेले. पश्चिम टोक बंद ठेवणं म्हणजे अख्ख्या बेटाचा साठा राखणं, हे त्यातून सिद्ध झालं. अंडी कुठे जातात हे पाहायला उपग्रहाशी जोडलेले तरंगकही सोडले. नुसतं 'प्रवाहात वाहून जातात' यावर त्यांनी समाधान मानलं नाही.

आणि तरीही बरीच वर्षं आकडा हलला नाही. बंदीची पहिली मुदत संपत आली तेव्हा दाखवण्यासारखं ठोस यश हातात नव्हतं. अशा वेळी बंदी उठवा असं म्हणणं किती सोपं असतं ते आपण जाणतो. 2011 च्या अखेरीस सरकारने मुदत आणखी 8 वर्षांनी वाढवली. या सगळ्या प्रकरणात खरी हिंमत लागली असेल तर इथे.

त्याच 2011 च्या सुमारास अंड्यातून निघालेली पिल्लं मोठ्या संख्येने जगली, असं पुढे लांबीच्या नोंदींवरून दिसलं. आणि ते दिसलं कसं, तर मेळ्यातल्या माशांची सरासरी लांबी कमी झाली म्हणून. आधीची वर्षं लेसरमध्ये म्हातारे, मोठाले मासेच येत होते, वर्षागणिक थोडे थोडे वाढत. मग काही हंगामांनी अचानक लहान मासे दिसू लागले, पहिल्यांदाच मेळ्याला आलेले. एरवी पकडीतला मासा लहान होत गेला की पोटात गोळा येतो. इथे मोठे मासे होते तिथेच होते आणि त्यांच्यात तरुणांची भर पडली होती. नुसता सरासरीचा आकडा पाहिला असता तर आनंदाची बातमी संकट म्हणून वाचली गेली असती. प्रत्येक लांबीचे किती मासे, हे मांडून पाहिलं म्हणून अर्थ लागला.

2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार पंधरा वर्षांत लिटल केमनची संख्या तिपटीहून अधिक झाली. शेजारच्या केमन ब्रॅकवर नोंदी तुरळक आहेत, पण कल तोच दिसतो.

दरम्यान 2016 मध्ये नियम आणखी नेमके झाले. 1 डिसेंबर ते 30 एप्रिल केमनच्या पाण्यात कुठेही नासाऊ गोबरा धरायचा नाही. उरलेल्या महिन्यांत दिवसाला एका होडीमागे पाचच. लांबी 16 ते 24 इंचांच्या मधलीच, त्याहून लहानही नको आणि मोठाही नको. भाल्याने मारायचा नाही. यातली वरची मर्यादा मला फार आवडली. लहान मासा सोडा हे सगळेच सांगतात. पण मोठ्या मादीच्या पोटात लहान मादीपेक्षा कितीतरी पट अंडी असतात, तिलाही सोडा, हे सांगणारा नियम क्वचित दिसतो.

ग्रँड केमन या मोठ्या, गजबजलेल्या बेटाची कथा अशी सुखाची नाही. तिथला मेळा आधीच फार खालावला होता आणि तसाच लहान राहिला आहे. एकूण जातीचं म्हणाल तर 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत तिचा दर्जा अतिसंकटग्रस्त असा खाली आणला गेला. लिटल केमन अपवाद आहे, नियम नव्हे.

आपल्या खडपांवर

हे जसंच्या तसं उचलून कोकणात ठेवता येणार नाही. लिटल केमनवर माणसंच दोनशेच्या आसपास, मेळ्याची जागा एक, जात एक. आपल्याकडे मालवणच्या खडपांपासून आंग्रिया बँक या समुद्रात बुडालेल्या प्रवाळ पठारापर्यंत गोबराच्या किती जाती, आणि त्यांवर पोट असलेली घरं कितीतरी पट. आपली 1 जून ते 31 जुलैची बंदी पावसाळ्याच्या हिशेबाने बसवलेली आहे. खडकावरचा प्रत्येक मासा त्याच दोन महिन्यांत अंड्याला येतो असं धरून चालणं मला धाडसाचं वाटतं. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच गोबरांत मासा आधी मादी असतो आणि मोठा झाल्यावर नर होतो. नासाऊ गोबरात तसं सहसा होत नाही. आपल्याकडे मोठे मासे उचलले गेले तर नरच कमी पडतील, म्हणजे लांबीचा नियमसुद्धा वेगळा विचार करून लावावा लागेल.

उचलण्यासारखं आहे ते विचारणं आणि लिहून ठेवणं. आमच्याकडे गरवायला जाणाऱ्या जुन्या माणसांना उधाण-भांग, अवस-पुनव, कोणत्या खडकावर कोणत्या वाऱ्यात काय लागतं, हे तोंडपाठ असतं. गेल्या दोन वर्षांपासून मी लिलावात गोबरा आला की चार गोष्टी वहीत टिपतो: लांबी, तिथी, किती वाव पाण्यात मिळाला, आणि पोटात गाभोळी होती का. पहिल्या तीन गोष्टी कुणीही सांगतं. चौथीसाठी मासा कापेपर्यंत थांबावं लागतं, म्हणून आता मी कापणाऱ्या मावशींच्या पाटाशेजारीच बसतो. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की गाभोळीचे गोबरे एकटे येत नाहीत. आले की दोन-तीन दिवस येतात, आणि मग पुढे बरेच दिवस एकही नाही.